म्हैस सुटते, गाव उधळतं

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याचा बैल बहुधा परत आला नसावा. आणि आला नसेल तर दोष बैलाचा नाही. गोठ्याचं दार लावून घेतल्यावर तो बिचारा येणार कुठून? म्हण हसते ती मालकाच्या उशिराला. दार आधी लावायला हवं होतं, एवढंच तिचं म्हणणं. पण बैल गेल्यावर दार लावण्यात उशिरापेक्षा मोठी चूक आहे. गेलेला परत येईल, ही शक्यताच त्या गृहस्थाने हिशेबात धरलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण ही म्हण पोरांना शिकवत आलो आणि तिच्यासोबत एक गैरसमजही शिकवत आलो, की सुटलेलं जनावर म्हणजे गेलेलं जनावर. या गैरसमजापायी मग काठ्या निघतात, मोटारसायकली निघतात, निम्मा गाव निघतो. प्रस्तुत लेखाचं म्हणणं याच्या उलट आहे. दाव्यातून सुटलेल्या जनावराचा घरी परतायचा बेत बहुतेक वेळा पक्का असतो, आणि त्यात मोडता घालतात ते त्याला परत आणायला निघालेले लोक. चोरीला गेलेल्या जनावराची गोष्ट वेगळी. तिथे फिर्याद, पंचनामा आणि पोलीस पाटील. इथे विचार आहे तो आपल्या पायांनी गेलेल्या आणि आपल्याच पायांनी येऊ शकणाऱ्या जनावरांचा, आणि जाण्या-येण्याच्या मधल्या वेळात माणसांनी मांडलेल्या धावपळीचा.

पुरावा रोज संध्याकाळी मिळतो, तोही फुकट. जिथे अजून गावची गुरं एकत्र चरायला जातात, तिथे गुराखी कळप वेशीपर्यंत आणून सोडतो. कुणाची गाय कुणाच्या दारी पोचवायची, या भानगडीत तो पडत नाही. वरच्या आळीची म्हैस वरच्या आळीला लागते, खालच्या आळीची गाय बोळात वळते, आणि शेळ्या वाटेत कुणाच्या तरी वाळवणाचा समाचार घेऊन का होईना, पण शेवटी आपल्याच दारात जातात. गुरांच्या या नेमस्तपणावर समाजाचा इतका विश्वास, की लग्नासारख्या गंभीर प्रकरणाचा गोरज मुहूर्त आपण त्यांच्या परतण्यावर बेतला. गुरं अजूनही वेळेवर येतात. नवरदेवाची वरात तेवढी पारापाशी नाचत अडकलेली असते. बैलांचं तर विचारूच नका. आठवडी बाजारातून रात्री निघालेला गाडीवान कासरा सैल सोडून गाडीत आडवा व्हायचा आणि बैल त्याला अंगणात आणून उभा करायचे, हे बैलगाडीच्या काळातलं कुणीही म्हातारं माणूस सांगेल. विकलेला बैल नव्या मालकाचं दावं तोडून चार गावं ओलांडतो आणि जुन्या गव्हाणीपाशी येऊन उभा राहतो, तेव्हा व्यवहाराची पंचाईत होते, पण बैलाच्या भूगोलात खोट काढता येत नाही. ज्याला चार गावांपलीकडचं घर सापडतं, त्याला आपल्याच शिवारातून घरी यायला डझनभर वाटाडे कशाला लागतात?

बरं, जनावर जातं तेही उगाच जात नाही. जाण्याला कारण असतं, आणि कारण कळलं की ठिकाण कळतं. गाय माजावर असेल तर ती वळूच्या दिशेने गेली, आणि गावचा वळू कुठे उभा असतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. माज साधारण दर २१ दिवसांनी येतो. म्हणजे गोठ्याच्या भिंतीवर कॅलेंडर असेल तर पुढच्या सुटकेची तारीख आधीच लिहून ठेवता येते. ऐन वैशाखात म्हैस सुटली तर ती पाण्यात आहे. तिच्या काळ्या कातडीला ऊन फार आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी, त्यामुळे आपण जिला डुंबणं म्हणतो ती तिची तब्येतीची गरज असते. जिचं वासरू विकलं ती वासराच्या वाटेने जाते. गेल्या बाजारी आणलेली जुन्या मालकाच्या वाटेने जाते. फटाक्याने बुजलेलं जनावर आवाजाच्या उलट दिशेला जातं. पोळ्याला तर आपण बैलाची शिंगं रंगवतो, पाठीवर झूल चढवतो, पुरणपोळी भरवतो आणि लगेच त्याच्या कानाशी ताशा बडवून फटाक्यांची माळ लावतो. वर्षातून एक दिवस सन्मान करायचा, तर निदान सत्कारमूर्ती जागेवर थांबेल इतपत करावा. तात्पर्य, तपासाचा पहिला टप्पा ओट्यावर बसून करण्याचा आहे. ही का गेली, एवढा एकच प्रश्न शांतपणे विचारायचा. पण आपल्याकडे तपासाची दिशा कारणावरून ठरत नाही. मोटारसायकलचं तोंड ज्या बाजूला असेल, त्या बाजूला जनावर गेलेलं असतं.

शोधपथकाची रचना सगळीकडे सारखीच. मालक असतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही. दावं कुजलंय हे आपण कधीचं सांगत होतो असं सांगणारा एक असतो, आणि तो ते परत परत सांगतो. ज्याच्या दारात सात पिढ्यांत शेळीसुद्धा नव्हती असा एक तज्ज्ञ असतो, आणि नेमकं त्याचं सगळे ऐकतात. मोटारसायकलवर दोन पोरं असतात. ती सर्वांत आधी निघतात आणि सर्वांत शेवटी परततात, मधल्या वेळात त्यांच्या वाटेत एखादा धाबा आलेला असतो. पारावर बसलेले आजोबा, ‘आत्ताच गेली की इकडनं,’ असं ठामपणे सांगतात, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी म्हशीविषयी आणि बहुधा कालच्या. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो. वर्णन असतं: रंग काळा, शिंगं दोन. पंढरपुरी म्हैस असेल तर खांद्याच्या मागपर्यंत गेलेल्या तिच्या तलवारीसारख्या शिंगांवरून काही बोध तरी होतो. एरवी त्या वर्णनात तालुक्यातल्या यच्चयावत म्हशी बसतात. उत्तरादाखल चार अंगठे आणि एक शुभ सकाळ येते. या साऱ्या गर्दीत एकच व्यक्ती नसते. जी पहाटे उठून शेण काढते, वैरण टाकते, आंबोण कालवते, धार काढते, जिचा आवाज आला की म्हैस गव्हाणीतून मान वर करते, ती बाई घरी असते. शोधपथकाला चहा लागणार म्हणून तिला मागे ठेवलेलं असतं. म्हैस ज्या एका माणसाला ओळखते त्याला चुलीपाशी बसवायचं आणि तिने ज्यांना कधी पाहिलं नाही असे दहा-बारा जण तिची समजूत घालायला पाठवायचे, अशी ही योजना असते. घरी येण्याऐवजी म्हैस ओढ्यापलीकडे गेली तर तिच्या बुद्धीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

हा नुसता विनोद नाही, यामागे म्हशीच्या आणि गाईच्या डोळ्यांची रचना आहे. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्यांना भोवतालचं ३०० अंशांहून अधिक दिसतं. दिसत नाही ती नेमकी पाठीमागची चिंचोळी पट्टी, आणि आपलं पथक धावतं ते बरोबर त्या पट्टीतून. आरडाओरडा ऐकू येतो, ओरडणारा दिसत नाही. अशा वेळी कुठलाही सुज्ञ प्राणी आधी गर्रकन वळून पाहतो आणि मग पळतो. अमेरिकेतल्या पशुवैज्ञानिक टेंपल ग्रँडिन यांनी गुरं हाकण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असतं. त्या रिंगणाच्या कडेवर पाऊल टाकलं की जनावर चालू लागतं, पाऊल मागे घेतलं की थांबतं, आणि रिंगणात थेट घुसलं की उधळतं. दुसरी गोष्ट खांद्याची. खांद्याच्या मागच्या बाजूला उभं राहिलं तर जनावर पुढे जातं, पुढच्या बाजूला आलं तर मागे फिरतं. सगळं शास्त्र एवढंच, दोन पावलांचं. आपले जुने गुराखी विद्यापीठात न जाता हेच करत आले. काठी खांद्यावर आडवी, बोलणं कमी, चाल संथ. उलट शिट्ट्या मारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की माणसाला २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि गाईला सुमारे ३५ हजारांपर्यंतचा. आपल्याला जी शीळ वाटते ती तिच्या कानाला किती टोचत असेल, ते तिलाच ठाऊक. एकदा बुजलेलं जनावर शांत व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि आपलं पथक दर पाच मिनिटांनी नव्या जोमाने गाठत असल्यामुळे ती वीस मिनिटं दिवसभर पुरी होत नाहीत.

मग माणूस असं का वागतो? कारण गुरं परत आणणं हे काम आपल्या मनात शौर्याच्या खात्यावर जमा आहे, आणि ते आजकालचं नाही. महाराष्ट्रात गावोगावी देवळाच्या आवारात वीरगळ उभे आहेत. त्यांतल्या कित्येकांवर खाली गुरांचा कळप कोरलेला आणि शेजारी तो सोडवताना पडलेला वीर. त्या वीरांपुढे हात जोडलेच पाहिजेत, कारण समोर शत्रू होता. अडचण एवढीच, की आज समोर फक्त म्हैस असते आणि आवेश मात्र तोच असतो. जुन्या ग्रंथांकडे नीट पाहिलं तर तेही आवेशाच्या बाजूने साक्ष देत नाहीत. ऋग्वेदात पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढला तो सरमेने, इंद्राच्या कुत्रीने. एकटी गेली, नदी ओलांडली, पणींनी ‘आमची बहीण हो, वाटा घे’ म्हणून दाखवलेल्या लालचीला भुलली नाही, आणि पत्ता काढला. विराटपर्वात तर संपूर्ण शोधपथकाचं मानसशास्त्र आहे. कौरवांनी गाई पळवल्यावर राजपुत्र उत्तर अंतःपुरात बायकांपुढे गर्जतो, की फक्त एक सारथी द्या. प्रत्यक्ष सैन्य दिसताच तो रथातून उडी टाकून पळत सुटतो, आणि गाईंच्या आधी उत्तरालाच पकडून आणावं लागतं. पुढे त्याचा सारथी होऊन आलेली बृहन्नडा, म्हणजे वेषांतरातला अर्जुन, शंख फुंकतो, तेव्हा गाई शेपट्या उंचावून आपणहून विराटनगरीच्या दिशेला वळतात. अर्जुन लढला तो माणसांशी. गाईंना त्याने वाट तेवढी मोकळी करून दिली. आणि शेवटी राजा विराट श्रेय देतो कुणाला? उत्तराला. बृहन्नडेचं नाव घेणाऱ्या कंकाच्या, म्हणजे वेषांतरातल्या युधिष्ठिराच्या, तोंडावर तो रागाने फासा फेकून मारतो. गुरं आणली कुणी आणि सत्कार झाला कुणाचा, हा घोळ तेव्हापासूनचा आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप हा, की जनावर आपण होऊन येईल म्हणून वाट बघत बसलो आणि दरम्यान काही झालं तर? हा आक्षेप खरा आहे. महामार्ग आहे, कठडा नसलेली विहीर आहे, जुन्नरकडच्या उसात बिबट्या आहे. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं आणि ती भरपेट खाल्लेलं जनावर थोड्या वेळात दगावू शकतं. ओल्या लसूणघासात मोकळं सुटलं तर पोट फुगून जिवावर बेततं. तेव्हा ताबडतोब निघायला हवं, यात वाद नाही. वाद आहे तो निघायचं कसं यावर. यांतला एकही धोका आरडाओरड्याने कमी होत नाही. विहिरीच्या काठावरच्या म्हशीला मागून ललकारणं, महामार्गाच्या कडेच्या गाईला मोटारसायकलने गाठणं, यांतून जे घडेल ते घडू नये म्हणूनच तर आपण निघालो होतो. घाई पायांत असावी, आवाजात नसावी. अशा वेळी हाताशी धरण्याजोगी साधनं दोन. एक बादली, आणि तिच्यात मूठभर सरकी पेंड. पेंड किती आहे याला महत्त्व नाही, बादलीच्या कडीचा आवाज रोजचा असला पाहिजे. दुसरं साधन म्हणजे गोठ्यातलीच दुसरी गाय. गुरं कळपाने राहणारी, एकटं पडलेलं जनावर मुळातच घाबरलेलं असतं. ओळखीची सोबतीण दिसली की ते तिच्यामागे चालू लागतं. दहा माणसांनी जे होत नाही ते एक गाय करते, आणि तिला चहाही लागत नाही.

दुसरा आक्षेप शेजारच्या शेतकऱ्याचा. ‘तुमची गाय आपल्या सवडीने घरी जाईल, तोवर तिने माझा हरभरा खायचा काय?’ हा सवाल बिनतोड आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नये. त्याला उत्तर सरकारने १८७१ सालीच देऊन ठेवलं आहे. त्या सालच्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याप्रमाणे पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याने धरावं आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावं. मालकाने दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून सोडवून न्यावं. कायदा करणाऱ्यांनी कल्पनाशक्तीला आवर घातलेला नाही. त्यांच्या व्याख्येत हत्ती आणि उंटही गुरांतच मोडतात, आणि मूळ तक्त्यात हत्तीला दंड २ रुपये, म्हशीला ८ आणे, गाय-बैलाला ४ आणे, शेळीला १ आणा. पिकात शिरलेला हत्ती धरून २४ तासांत कोंडवाड्यापर्यंत पोचवण्याची तजवीज शेतकऱ्याने कशी करावी, याचा मात्र उल्लेख नाही. तरी हा कायदा शहाणा आहे, कारण त्याने जनावराला कुठेही गुन्हेगार ठरवलेलं नाही. शिक्षेच्या साऱ्या तरतुदी माणसांसाठी आहेत. धरलेली गुरं जबरदस्तीने सोडवून नेली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेवारस राहिलेल्या गुरांची आधी दवंडी पिटवायची, मग लिलाव करायचा, आणि त्या लिलावात कोंडवाड्याच्या रखवालदाराने बोली लावायची नाही. ज्याने हे कलम लिहिलं त्याला गुरांची माहिती किती होती कोण जाणे, माणसांची पुरती होती. आणि हरभऱ्याच्या धन्यालाही एक विनंती. शांतपणे चरणारी गाय पुढच्या दोन हातांतलं खाते. काठी घेऊन मागे लागलं की तीच गाय सबंध वावर तुडवते. नुकसान भरपाईचा आकडा वाढवायचा असेल तरच धावावं.

तिसरा आक्षेप आकडेवारीचा. गुरांना घराची इतकी ओढ असेल, तर २०१९ च्या पशुगणनेत देशभरात ५० लाखांहून अधिक भटकी गुरं मोजली गेली ती कुठून आली? उत्तर दुःखद आहे, पण या लेखाच्या बाजूचं आहे. त्यांतली पुष्कळशी सुटलेली नाहीत, सोडलेली आहेत. भाकड गाय, कामातून गेलेला बैल, पोसायला न परवडणारा गोऱ्हा यांचं दावं मालकानेच सोडलं आणि वर दार लावून घेतलं. त्यांना परतण्याची वाट ठाऊक आहे, पण वाटेच्या शेवटी गव्हाण नाही. शहरातल्या रस्त्यांवर दिवसभर ठिय्या मारणाऱ्या दुभत्या गाई याच्या उलट. पालिकेची गाडी आली नाही, तर त्या धारेच्या वेळी बिनबोभाट मालकाच्या दारात हजर होतात. म्हणजे सारा प्रश्न परतण्याच्या बुद्धीचा नाही, परतण्यासारखं काही ठेवलं आहे की नाही याचा आहे.

चौथा आक्षेप नव्या जमान्याचा. हल्लीच्या संकरित गाई मुक्त गोठ्यात जन्मतात, तिथेच वाढतात, त्यांनी शिवार पाहिलेलंच नसतं. त्यांना घरची वाट कोण दाखवणार? खरं आहे. पण जिने शिवार पाहिलेलं नाही ती फार लांब जातही नाही. ती कुंपणाबाहेर येते आणि आता पुढे काय, अशा मुद्रेने रस्त्यात उभी राहते. तिचा शोध लावण्यापेक्षा तिला ओलांडून पुढे जाणं जास्त अवघड. मग कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचं काय, असं कुणी विचारेल. त्या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक असतो, आपल्या आधारला असतात तेवढेच आकडे, आणि त्यावरून तिची लसीकरणासकट नोंद निघते. उपयोग मोठा आहे, पण बिल्ला गाय कुणाची हे सांगतो, कुठे आहे हे सांगत नाही. शिवाय तो वाचायला तिच्या कानाजवळ जावं लागतं, आणि तिथवर पोचता आलं तर बिल्ला वाचण्याऐवजी सरळ म्होरकी धरावी. जीपीएसचे पट्टे आले आहेत. ते ठिकाण सांगतात, पण ठिकाण कळलेलं पथक पूर्वीच्या दुप्पट वेगाने तिथे पोचतं आणि गायही दुप्पट वेगाने निघते. राहता राहिला ड्रोन. डोक्यावर गोमाशीच्या हजारपट आवाज करणारी वस्तू आणून जनावराला थांब म्हणायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याने गोमाशी मागे लागलेली गाय एकदा जवळून पाहावी.

शेवटचा आक्षेप अनुभवी लोकांचा. ते म्हणतात, काही जनावरं मुळातच द्वाड असतात, रोज दावं तोडतात. अशांच्या गळ्यात आपल्या पूर्वजांनी लोढणं अडकवलं, ते काय उगाच? लोढण्याला कुणाची हरकत नाही, ते पायांना आवर घालतं आणि अपमान करत नाही. हरकत आहे ती पुढच्या विधीला. दिवसभर रान तुडवून म्हैस तिन्हीसांजेला स्वतःच्या मर्जीने दारात येते, आणि तिच्या पाठीवर पहिली काठी पडते ती तिथे. मालकाच्या हिशेबाने ही सकाळी पळून जाण्याची शिक्षा. म्हशीचा हिशेब साधा आणि तर्कशुद्ध असतो. सकाळी पळाले तेव्हा कुणी मारलं नाही, संध्याकाळी घरी आले तेव्हा मारलं, अर्थात घरी येणं वाईट. पुढच्या खेपेला ती दोन तास उशिरा येते, आणि मालक पारावर सांगतो की ही दिवसेंदिवस जास्तच द्वाड होत चालली आहे. द्वाडपणाचे हे धडे आपण स्वतः, स्वतःच्या काठीने गिरवून घेतलेले असतात. आल्यावर पाणी दाखवावं, वैरण टाकावी, आणि राग फारच अनावर झाला असेल तर कुजलेल्या दाव्यावर काढावा. मूळ आरोपी तेच असतं आणि त्याला चाबकाने काही होत नाही.

एवढं सांगूनही ज्यांना मोहिमेचा मोह सुटत नाही त्यांच्यासाठी शेवटचा पुरावा दूध संकलन केंद्रावर आहे. गाय-म्हैस पान्हावते ती निवांत असेल तेव्हा. भेदरलेल्या जनावराच्या रक्तात ॲड्रेनॅलिन उतरतं आणि ते पान्हा रोखून धरतं. दिवसभर पाठलाग झालेली म्हैस संध्याकाळी कासेत दूध असूनही आखडून घेते, रेडकू लावलं तरी सोडत नाही. पारावर त्या रात्री मोहिमेची कथा रंगत जाते, ओढा नदीएवढा होतो, म्हैस रेड्याएवढी होते, ‘मी आडवा झालो म्हणून’ असं म्हणणारे चार जण निघतात. केंद्रावरच्या पावतीवर मात्र लिटरचा आकडा खाली आलेला असतो आणि तिथे कथानकाला वाव नसतो. तेव्हा ग्रामसभेने एक साधा ठराव करावा. म्हैस सुटली तर शोधायला कुणीही जावं, कितीही जणांनी जावं, काठ्या घ्याव्यात, शिट्ट्या मारायलाही मुभा असावी. फक्त संध्याकाळी जेवढं दूध कमी भरेल, ते पथकातल्या माणसांत समान वाटून त्यांच्या बिलातून कापून घ्यावं. पहिल्याच बिलानंतर पथकात दोन माणसं उरतील, एक म्होरकी धरायला मालक आणि एक बादली हातात घेतलेली त्याची बायको. आणि तेवढीच लागतात.